रस्त्याचे दुसरे टोक

मुक्ताईनगरच्या पेठेतून मालाचा ट्रक महामार्गाला लागला, की पेठेच्या दृष्टीने तो दिसेनासा होतो. मागे उरते ती बिल्टीची प्रत आणि उधारीची तारीख. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आता ५३ क्रमांकाचा झाला आहे. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून निघून तो धुळे, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर, मलकापूर, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर अशी गावे घेत ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत जातो. पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंतचा हा रस्ता गावाच्या उंबऱ्यावरून जात असूनही त्याचे दुसरे टोक पाहिलेला व्यापारी विरळाच.

सरकी आणि ढेपेच्या व्यापारात चाळीस वर्षे घालविलेल्या येथील एका गृहस्थांना चौसष्टाव्या वर्षी ते टोक पाहावेसे वाटले. तेही मोटारसायकलवरून आणि एकट्याने. मलकापूर, खामगाव, अकोला ही नावे त्यांना खातेवहीतील पानांमुळे ठाऊक होती. कोणत्या गावी कोण वेळेवर पैसे देतो आणि कोणाकडे दोनदा माणूस पाठवावा लागतो, हे ते झोपेतही सांगू शकले असते. मात्र त्या गावांतील नदी कोणत्या दिशेने वाहते, हे पाहण्याइतकी सवड त्यांना कधी मिळाली नव्हती.

“बाबूजी, रेल्वेने जा, नाहीतर गाडी आणि ड्रायव्हर घेऊन जा,” असे मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात काळजी होती आणि ती अनाठायी नव्हती. कायदासुद्धा वयाची दखल घेतोच. पंचावन्न वर्षे ओलांडलेल्या चालकाच्या परवान्याचे नूतनीकरण एका वेळी ५ वर्षांपुरतेच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. उलट बाजूचे उदाहरणही आहे. टेड सायमन नावाच्या इंग्रज पत्रकाराने १९७३ साली मोटारसायकलवरून एकट्याने जगाची फेरी आरंभली. तिला चार वर्षे लागली आणि त्या वाटेत भारतही होता. पुढे २००१ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, तो पुन्हा त्याच वाटांवर निघाला. पण घरातील काळजी परक्या उदाहरणाने शमत नाही. तिला शिस्तीनेच उत्तर द्यावे लागते.

गृहस्थांनी ते तसेच दिले. डोळे, रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा चालू असल्याची खात्री केली. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या पुढे जायचे नाही, उन्हे चढली की थांबायचे, रोज संध्याकाळी एकदा फोन करायचा, असे ठरले. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा घरचा नियम येथे अनायासे उपयोगी पडला. ज्याला दिवस मावळण्याआधी पान वाढून घ्यायचे आहे, तो रात्री गाडी चालवीत नाही.

सर्वांत अवघड तयारी मात्र बँकेतील होती. मुलगा पंधरा वर्षांपासून पेढीचा भागीदार होता. चेकवर सही मात्र वडिलांचीच चाले. व्यापारी घरांत हे चित्र नवे नाही. मुलाचे केस पिकू लागतात, नातवंडे कॉलेजात जातात, तरी सहीचा अधिकार गादीवरून हलत नाही. मग एखाद्या दिवशी सही करणारा हात रुग्णालयात असतो आणि कॅश क्रेडिटचे नूतनीकरण, हमालांची मजुरी, वाहतूकदारांची देणी सारेच अडून राहते. गृहस्थांनी निघण्यापूर्वी आठ दिवस मुलाच्या सहीचा अधिकार बँकेत नोंदविला. त्या कागदावर सही करताना त्यांना लागलेला वेळ शेजारी बसलेल्या मुलाच्या लक्षात आला असावा. तो काही बोलला नाही.

प्रवास सुरू झाला. अकोला ते अमरावती हा टप्पा ट्रकचालकांच्या तोंडी वर्षानुवर्षे शिव्यांचा विषय होता. तेथेच २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम नोंदला गेला. अकोल्यापर्यंत प्रदेश पूर्णेच्या खोऱ्याचा. तिचे पाणी मुक्ताईनगरजवळ चांगदेव येथे तापीला मिळते आणि पश्चिमेच्या समुद्राला जाते. अमरावती सोडून नागपूरच्या वाटेवर वर्धा नदी लागते, तिचे पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाणारे. मधल्या सपाटीत पाण्याने दिशा कोठे बदलली, हे गाडीवरच्या माणसाला कळत नाही. तेथे मोठा घाट आडवा येत नाही, शेतेही तशीच दिसतात. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडताना गृहस्थांच्या मनात आले, की आयुष्याचा प्रवाहही असाच केव्हातरी वळला असणार; आपण मात्र जुन्याच दिशेचा हिशोब लिहीत बसलो.

पाचव्या दिवशी महानदीकाठच्या संबलपूरला मुक्काम होता. १९५७ साली उद्घाटन झालेले हिराकूड धरण तेथून जवळच आहे. संध्याकाळी मुलाचा फोन आला. एका जुन्या गिऱ्हाइकाने मागची बाकी न देता पुन्हा उधारीवर माल मागितला होता. गृहस्थांच्या ओठांवर उत्तर तयार होते. त्या घराशी तीस वर्षांचा व्यवहार होता. त्यांनी माल दिला असता. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सही तुझी आहे. तुला योग्य वाटेल तसे कर.” त्या रात्री त्यांना झोप उशिरा लागली.

दोन दिवसांनी पारादीप आले. मालवाहू गाड्यांची रांग, बंदराची कुंपणे आणि पलीकडे बंगालचा उपसागर, एवढेच त्या रस्त्याचे दुसरे टोक. गृहस्थ तासभर वाळूत बसले, शहाळ्याचे पाणी प्याले आणि दुसऱ्या दिवशी परत फिरले.

घरी आल्यावर कळले, की मुलाने माल नाकारला होता आणि ते गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले होते. निर्णय बरोबर होता की चूक, हे ठरायला वर्ष-दोन वर्षे लागतील. बाकी वसूल झाली तर मुलाचे शहाणपण, जुना संबंध कायमचा तुटला तर पेढीचे नुकसान. वडिलांनी वही पाहिली, मिटली आणि मुलाला प्रवासातील नद्यांची नावे सांगितली. नाकारलेल्या उधारीचा विषय त्यांनी काढला नाही.

साठीनंतर प्रत्येकाने मोटारसायकल काढावी असे नाही. ज्याची प्रकृती साथ देत नाही, त्याने रेल्वेने जावे किंवा घरीच वाचन करावे. पण पेढीचा मालक महिनाभर गावात नसला तर काय होते, हे तो धडधाकट असतानाच घराला कळलेले बरे. तेव्हा चुकलेला निर्णय सुधारता येतो, विचारायला माणूस असतो, आणि विचारूनही उत्तर न देण्याचा मोठेपणा त्याला दाखविता येतो. मृत्युपत्राने मालमत्ता मुलाच्या नावे होते. त्याच्या निर्णयावरचा विश्वास मात्र वडिलांनी हयातीतच द्यावा लागतो.