पाऊणकी

31 जानेवारी 2025, अलिबाग

दुपारपर्यंत शिबिराला संगोपन करणारी सगळी कुटुंबं पोचली. आजी-नातू, आत्या आणि तिचे दोन भाचे, आणि घाटाखालचं एक जोडपं. त्यांच्याकडे दीड वर्षापासून राहणारी दहा वर्षांची मुलगी त्यांना काका-काकू म्हणते.

बालसंगोपन योजनेतून मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात, संस्थेची माणसं गृहभेटीला येतात. दोन्ही हवंच. पण गृहभेट म्हटली की घर आवरलेलं असतं, मूल शहाण्यासारखं बसतं आणि सगळे "बरं चाललंय" म्हणतात. मनातलं बाहेर यायला सलग दोन-तीन दिवस एकत्र काढावे लागतात, तेही घरापासून लांब. म्हणून हे शिबिर.

संध्याकाळी कोळीवाड्यातले एक काका भरतीचा हिशेब शिकवायला आले. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. पुढे सहा तासांनी ओहोटी. आज द्वितीया, म्हणजे दीड. "आणि उद्या तीज," काका म्हणाले. मुलं बोटं मोजत असताना मागून आजी म्हणाल्या, "सव्वादोन." चौथीपर्यंत शिकलेल्या आजींना पाऊणकीचा पाढा तोंडपाठ आहे. नातू आ वासून बघतच राहिला. मग त्याने दशमी विचारली, अमावास्या विचारली, जेवायला बसल्यावरही थांबेना. घरी हाच मुलगा अभ्यासाला आजीजवळ बसत नाही, अशी तक्रार होती.

1 फेब्रुवारी

हिशेबाप्रमाणे सकाळी सव्वाआठच्या सुमारास पाणी उतरलं आणि आम्ही कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालो. आज माघी गणेशजयंती, किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाला जाणारेही बरोबर होते. तटाचे दगड चुना न भरता एकावर एक रचलेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. मुलांनी त्या फटींत हात घालून पाहिले. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर, यावर तर बराच वेळ वाद चालला.

पण आजचं खरं घडलं ते वाटेत. काकूंना पाण्याची भीती. घोट्याएवढ्या पाण्यातच त्या थांबल्या. मुलीने त्यांचं मनगट धरलं. "काकू, पाय उचलू नका, घासत चला. वाळूत पाकट असला तर पळतो. बाबा सांगायचे."

दीड वर्षात तिने वडिलांचं नाव काढलं नव्हतं. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, "आणखी काय सांगायचे?" किल्ल्यापर्यंत ती बोलतच होती.

2 फेब्रुवारी

मोठ्यांची बैठक. शाळेचे फॉर्म, बँकेचं खातं, आजींनंतर नातवाचं कोण: यातल्या शेवटच्या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला, आणि आत्ताच दुसऱ्या नातेवाइकाशी बोलणं सुरू करायचं ठरवलं.

मुलीला सांभाळणाऱ्या काकांनी तिच्या दत्तकाचं विचारलं. 2024च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यासाठीची संगोपनाची मुदत पाच वर्षांवरून दोनवर आणली, हे त्यांनी वाचलं होतं. पण मूल कायद्याने दत्तकासाठी मोकळं असेल तरच ती वाट. हिचे वडील आहेत, भेटायला येतात. मला वाटतं, मूल आपल्या माणसांत परतावं हाच संगोपनाचा पहिला हेतू, आणि तो सांभाळणाऱ्यांना सर्वांत जड जातो. काका बराच वेळ गप्प होते.

काकूंनी माझ्याकडून कोरा कागद घेतला. बापलेकीची भेट महिन्यातून दोनदा व्हावी, असा बालकल्याण समितीला अर्ज लिहायचाय, मजकूर सांगा म्हणाल्या. जेवणाआधी लिहून झाला. काकांनीही सही केली.