फ्रेम कशी मोडते

टायटॅनियम घ्यावं की कार्बन, हा वाद सायकलवाल्यांच्या घोळक्यात एकदा सुरू झाला की ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. कार्बनवाला वजन सांगतो, माझी फ्रेम आठशे ग्रॅमची. टायटॅनियमवाला म्हणतो, माझी दीड किलोची असेल, पण चालते कशी ते बघा! खोटं कोणीच बोलत नाही. मात्र दोघंही ज्या गुणाची बढाई मारतात त्याने रस्त्यावर पडणारा फरक फार थोडा असतो, आणि तो थोडा का असतो हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाने दाखवता येतं. माझ्या मते शर्यतीत न उतरणाऱ्या माणसाने ही निवड वेगळ्याच प्रश्नावर करावी: फ्रेमला इजा झाली, तर ती मला दिसेल का? वजन, वेग आणि आराम यांवर दुकानात तासभर बोलणं होतं. या प्रश्नावर मात्र वॉरंटीचा कागद पुढे येतो.

आधी वजनाचा हिशेब उरकून टाकू. चांगली कार्बन फ्रेम सातशे ते हजार ग्रॅमच्या दरम्यान असते, टायटॅनियमची तेराशे ते सोळाशेच्या. फरक सातशे ग्रॅमचा धरू. पुण्याच्या सायकलवाल्यांचं मोजमाप घेणारा चढ सिंहगडाचा, पायथ्यापासून वाहनतळापर्यंत साधारण ६०० मीटर उंचीचा. सातशे ग्रॅम तेवढे वर न्यायला सुमारे ४,१०० ज्यूल ऊर्जा लागते. सातत्याने २०० वॉट लावणारा माणूस ती वीस सेकंदांत पुरवतो. स्वतः, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो वर न्यायला त्यालाच चाळीसेक मिनिटं लागतात, आणि टायरचं घर्षण व हवेचा विरोध धरला तर पाऊण तास. पाऊण तासात वीस सेकंद! पाऊण लिटरची बाटली भरलेली नेली की रिकामी, एवढाच हा फरक. शर्यतीत वीस सेकंदांत पहिला नंबर जातो, त्यामुळे शर्यतवाल्यांना हा हिशेब माफ आहे. रविवारी गडावर जाऊन पिठलं-भाकरी खाणाऱ्याला तो माफ करायचं मला काही कारण दिसत नाही.

टायटॅनियमची सायकल 'जिवंत' वाटते, हा अनुभूतीचा मुद्दा जरा नाजूक आहे, कारण तो मांडणारी माणसं मनापासून बोलत असतात. टायटॅनियम पोलादाच्या जवळपास निम्मं ताठ असतं, हे खरं. त्यावरून फ्रेम लवचीक असणार, आणि लवचीक म्हणून आरामशीर असणार, असा तर्क निघतो. पण फ्रेम हा धातूचा सरळ गज नव्हे, ते एकमेकांना टेकलेले दोन त्रिकोण आहेत आणि त्रिकोण उभ्या दिशेने दबायला फार नाखूश असतो. शिवाय धातूचा मऊपणा भरून काढायला कारागीर नळ्यांचा व्यास वाढवतोच. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा चांगल्या फ्रेमचा मागचा भाग जेमतेम मिलिमीटरच्या आसपास दबतो; टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो आणि त्यानंतर सीटपोस्ट व सीट आपापला वाटा उचलतात. पूर्वी २३ मिलिमीटरचा टायर दगडासारखा टणक भरायचे, आता २८ किंवा ३२ मिलिमीटरचा बऱ्याच कमी दाबावर चालवतात. आरामात पडलेला खरा फरक या बदलाने पडला. कार्बनच्या सायकलला ३२ चा टायर आणि टायटॅनियमच्या सायकलला २३ चा घालून दोन्ही सायकली डोळे बांधून चालवायला दिल्या (अर्थात तसं कोणी करू नये), तर 'जिवंत' कोणती, याचं उत्तर उलटं यायची शक्यता बरीच.

मग फरक आहे कुठे? तो पदार्थ घडतो कसा, यात आहे. टूर द फ्रान्स कार्बन फ्रेमवर पहिल्यांदा जिंकली गेली १९८६ मध्ये, ग्रेग लेमाँडने. त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात लिन्स्की कुटुंबाच्या यंत्रशाळेतून लाइटस्पीड हे टायटॅनियम सायकलींचं नाव पुढे आलं. दोन्ही पदार्थ विमानविद्येतून सायकलीकडे आले, पण त्यांचे स्वभाव पूर्ण वेगळे. कार्बनची फ्रेम म्हणजे राळेत भिजवलेल्या कार्बन-धाग्यांच्या कापडाचे शेकडो तुकडे, ठरवलेल्या कोनांत एकावर एक रचून साच्यात भाजलेले. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांत ही रचना आजही बहुतांशी हातांनीच होते. धागा ज्या दिशेने पसरलेला असतो त्या दिशेने तो विलक्षण बळकट असतो, आडव्या दिशेला सगळी भिस्त राळेवर. म्हणून रचनाकार बॉटम ब्रॅकेटजवळ, म्हणजे पेडलांचा आस बसतो तिथे, जाड थर देतो आणि जिथे भार येणार नाही तिथून थर कमी करतो. दांडीवर भार येत नाही, असं गृहीत धरल्यामुळे ती काही हलक्या फ्रेममध्ये इतकी पातळ असते की अंगठ्याने दाबल्यावर दबल्याचं जाणवतं. दांडीवर बसू नका, दुरुस्तीच्या स्टँडमध्ये दांडी आवळू नका, अशी सूचना कंपन्या लिहून देतात ती याचसाठी. डबलसीटच्या देशात ही सूचना मला नेहमीच गमतीची वाटत आली आहे.

गृहीतक आणि वापर इथे एकमेकांपासून दूर जातात. तीनशे-चारशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल फेरीला, जाणाऱ्या माणसाची सायकल फक्त रस्त्यावर चालत नाही. ती टेम्पोवर दोरीने बांधली जाते, रेल्वेच्या पार्सल डब्यात पोत्यांखाली जाते, खासगी बसच्या डिकीत कोणाच्या तरी लोखंडी ट्रंकेशेजारी रात्र काढते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे चाक आत गेल्यावरच कळतं. भिंतीला टेकवलेली सायकल घसरून पडते आणि दांडी पायरीच्या काठावर आपटते. असा आडवा, एका बिंदूवर बसलेला मार कार्बनच्या रचनाकाराच्या हिशेबात फारसा नसतो. अशा माराने आतले थर एकमेकांपासून सुटू शकतात आणि वरचं लॅकर तसंच चकाकत राहतं. विमान उद्योगाने या जेमतेम दिसणाऱ्या इजेचा धसका घेतला, अल्ट्रासाउंड तपासणी बसवली, कर्मचाऱ्यांना त्यासाठी तयार केलं. सायकलच्या दुकानात नाणं असतं. माठ घेताना बोटाने वाजवून पाहावा तसं नाण्याने नळी ठोकत जायचं. खणखणीत आवाज आला तर बरं, मध्येच बद्द आवाज आला तर शंका. थरांची जाडी ठिकठिकाणी बदलते, तसा आवाजही बदलतो, त्यामुळे बद्द आवाज इजेचा की जाड थराचा हे ओळखायला कान फार तयार असावा लागतो.

टायटॅनियमला असाच मार बसला तर पोचा पडतो. पोचा दिसतो. फ्रेम खराब व्हायचीच असेल तर ती बहुधा सांध्यापाशी होते. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतच्या धातूचा पोत बदललेला असतो आणि तिथे बारीक चीर सुरू होते. हँडलखालच्या जोडापासून निघणाऱ्या तिरक्या नळीची खालची बाजू, सीटपोस्ट आवळतो ती जागा, मागच्या चाकाजवळचे जोड, अशा या जागा ठरलेल्या आहेत. बहुतेक टायटॅनियम फ्रेमवर रंग नसतो. धुऊन पुसल्यावर उन्हात धरली, तर चिरेत अडकलेली काजळी केसाएवढ्या काळ्या रेघेसारखी उठून दिसते. सहसा ती आठवड्यांनी, महिन्यांनी वाढते, आणि बरेचदा आधी कुरकुर ऐकू येते. सगळ्या चिरा इतक्या सभ्य नसतात, हे कबूल. तरी बघणाऱ्याच्या डोळ्याला इथे काम आहे आणि त्या डोळ्याला कसलं प्रशिक्षण लागत नाही.

यावर कार्बनच्या बाजूने येणारा आक्षेप वजनदार आहे. इजा न झालेला कार्बन वारंवार येणाऱ्या ताणाला जवळपास दमतच नाही. वर्षांनुवर्षं चालवून धातू थकतो, त्यातही वेल्ड केलेला सांधा आधी थकतो. म्हणजे काळजीने वापरणाऱ्याला कार्बनच जास्त पुरेल. हे मला मान्य आहे. पण त्या वाक्यातलं 'इजा न झालेला' हे विशेषण मालकाने पडताळायचं कसं? प्रयोगशाळेतला नमुना इजा न झालेला आहे हे माहीत असतं. डिकीतून उतरवलेली सायकल तशी आहे की नाही, याचा अंदाजच करावा लागतो. दुसरा आक्षेप टायटॅनियमच्या कारागिरीवर आहे आणि तोही खरा आहे. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषतं आणि ठिसूळ होतं. म्हणून वेल्डिंग करताना बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन वायू खेळवावा लागतो. नीट झालेला जोड चंदेरी किंवा फिकट गवती रंगाचा राहतो, निळा-जांभळा झाला तर वायू कमी पडला, पांढुरकी भुकटी दिसली तर जोड वाया गेला. पण कारखान्यात फ्रेमवर वाळूचा मारा केला की हा रंग जातो आणि नळीच्या आतली बाजू तर कोणी पाहतच नाही. तेव्हा स्वस्तातल्या, अनोळखी टायटॅनियम फ्रेमच्या बाबतीत माझा युक्तिवाद लंगडा पडतो. वेल्ड घासून-पुसून एकसारखी केलेली फ्रेम विकणाऱ्यापेक्षा वेल्ड उघडी ठेवणारा मला बरा वाटतो.

तिसरा आक्षेप मात्र सगळ्यात अडचणीचा. आजच्या जवळपास प्रत्येक टायटॅनियम रोड सायकलला पुढचा चिमटा कार्बनचा असतो. टायटॅनियमचा चिमटा एक तर जास्त वाकतो, नाही तर जड होतो, म्हणून बनवणारेच तो टाळतात. मागचा सांधा तुटला तर माणूस बहुतेक वेळा थांबू शकतो. खंबाटकीच्या उतारावर चिमटा तुटला तर दात आणि जबडा जातो. म्हणजे इजा दिसावी म्हणून ज्याने लाखो रुपये मोजले, त्याने सगळ्यात धोक्याच्या जागी न दिसणारा पदार्थच स्वीकारला! याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. चिमटा सुटा निघतो. त्याची वरची नळी हँडलचा बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळल्याने चेंगरते, आणि ती बाहेर काढून, पुसून, चारही बाजूंनी बघता येते. मोठी पडझड झाली तर फ्रेमच्या किमतीच्या काही अंशात तो सरळ बदलता येतो. कार्बन फ्रेमबद्दल शंका आली तर सगळी सायकलच शंकेत जाते. हँडल मात्र अॅल्युमिनियमचं ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. शेदीडशे ग्रॅम वाचवायला तिथे कार्बन बसवणं हा या युक्तिवादाचाच अपमान आहे.

'टायटॅनियमची सायकल जन्मभर पुरते' या जाहिरातीच्या वाक्यापासूनही सावध राहायला हवं. धातू पुरेल. पण २००५ सालची टायटॅनियम फ्रेम आज निर्दोष असली तरी तिला डिस्क ब्रेक बसत नाही, मागच्या चाकाची जागा १३० मिलिमीटरची आहे आणि आताची चाकं १४२ मिलिमीटरची, आरपार दांड्याची येतात. फ्रेम बाद होते ती बहुधा गंजाने किंवा चिरेने होत नाही, सुटे भाग मिळेनासे झाले की होते. म्हणून टायटॅनियम घ्यायचंच तर बॉटम ब्रॅकेट आट्यांचा घ्यावा, ठोकून बसवलेला नको, आणि टायरला भरपूर जागा ठेवावी. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षातून दोन-तीनदा काढून ग्रीस लावावं. खारट हवा आणि घाम यांच्या संगतीत दोन धातू एकमेकांना धरून बसले की मग पोस्ट सुटता सुटत नाही, आणि दोष नाहक टायटॅनियमला लागतो.

शर्यतवाल्यांचं म्हणणं मी आधीच मान्य केलं आहे, आता त्यांच्या बाजूने एक भर घालतो. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात जाते. कार्बन साच्यात घडत असल्यामुळे नळीला हवा तो आकार देता येतो. टायटॅनियमची नळी इतक्या सहज वळत नाही. फ्रेमचे असे वाचलेले वॉट वजनाच्या फरकापेक्षा जास्त महत्त्वाचे ठरतात. शिवाय संघाच्या सायकली मेकॅनिक रोज तपासतो आणि हंगाम संपला की त्या बदलल्या जातात. इजा दिसण्याचा प्रश्न तिथे पैशाने आणि मनुष्यबळाने सोडवलेला आहे. संघाची सायकल विकत घेताना त्या सायकलचा मेकॅनिकही विकत मिळाला असता, तर माझी तक्रार नव्हती.

सामान्य मालकाला हा फरक खरा जाणवतो तो विकताना. पुण्या-मुंबईत जुन्या रोड सायकलींची खरेदी-विक्री होते, आणि नवी सायकल परवडत नाही अशा तरुणांना हीच वाट असते. टायटॅनियमची जुनी सायकल उलटी करून, उजेडात धरून, आठ-दहा सांधे निरखून भाव करता येतो; पोचे मोजून किंमत उतरवता येते. कार्बनची सायकल हजार किलोमीटर चालली की दहा हजार, यापेक्षा ती कधी, कशावर पडली, हे महत्त्वाचं असतं, आणि ते फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. कधी कधी त्यालाही नसतं, कारण डिकीत ती कशावर आपटली ते त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून शहाणं गिऱ्हाईक प्रामाणिक विक्रेत्यालाही कमीच भाव देतं.