गरीब फंडाची आगोट

सरकारी खजिन्यात सारी हयात काढलेल्या माणसाच्या अंगी एक चमत्कारिक अलिप्तता येते. त्याच्या हातून रोज मोठमोठ्या रकमांची जा-ये होत असते, परंतु त्यातला एक छदामही आपला नाही ही जाणीव त्याच्यात इतकी मुरलेली असते की, पेन्शनीचे बिल पास करताना आपण कोणावर उपकार करीत आहोत असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. रत्नागिरीच्या कोषागारातून मी सेवानिवृत्त झालो, त्याच सुमारास आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांनी गरीब फंडाचे दप्तर माझ्या हवाली केले, आणि तेव्हा प्रथम ध्यानात आले ते हे की, ही अलिप्तता उपासनामंदिराच्या आवारात औषधालाही सापडत नाही. थैलीत नोट टाकणारा सभासद ती आपली म्हणून टाकतो, ती वाटणारा पंच ती मंडळीची म्हणून वाटतो, आणि घेणाऱ्याने या दोघांचेही आभार मानावेत ही अपेक्षा कोणी बोलून न दाखवताही सर्वांच्या मुद्रेवर स्पष्ट वाचता येते. वास्तविक कारभारीपणावर वर्षातून एक तरी उपदेश आमच्या पाळकसाहेबांकडून होतोच. जे आहे ते सर्व धन्याचे, आपण केवळ कारभारी, हे तत्त्व शब्बाथशाळेतल्या पोरालाही मुखोद्गत आहे. परंतु धनी हिशेब मागतो तो 'किती दिले' एवढ्यावर थांबत नाही, तर 'केव्हा, कोणास आणि कशासाठी' इथपर्यंत जातो, हा उपदेशाचा उत्तरार्ध सहसा कोणाच्या कानात शिरत नाही.

या किनाऱ्यास ख्रिस्ती दानधर्म काही नवा नव्हे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम १८२३ साली बाणकोटास सुरू झाले, त्याच सोसायटीचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली या देशात आले तेव्हा मराठी शिकण्यासाठी काही काळ हर्णैस राहिले. आणि रत्नागिरी शहरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७३ साली ठाणे दिले. दातृत्वाचा मक्ता अर्थातच एकट्या मिशनकडे नव्हता. येथील महारोग्यांचे रुग्णालय सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गृहस्थांच्या देणगीचे, आणि १९३१ साली सावरकरांच्या प्रेरणेने उभे राहिलेले पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीरांच्या पैशाचे. आमच्या वडीलधाऱ्यांची अडचण निराळीच होती. देणारा अमेरिकेत, घेणारा रत्नागिरीत आणि मध्ये मिशनचा बंगला, अशी व्यवस्था दोन-तीन पिढ्या चालल्यामुळे आपणही द्यावयाचे असते ही गोष्ट मंडळीच्या अंगवळणी पडण्यास फार काळ लागला. माझी आजी रोज भाताचे आधण ठेवताना एक मूठ तांदूळ निराळ्या मडक्यात टाकी आणि रविवारी ते फडक्यात बांधून नेई. कापणीच्या सणास कोहळे, पडवळ, आमसुले, कोंबड्या यांचा आवारात लिलाव होई, आणि एकच नारळ घेणाऱ्याने पुन्हा अर्पण करावा, पुन्हा त्यावर बोली व्हावी, असा तो तीन-चार वेळा विकला जाई. देण्यातला आनंद मी त्या लिलावात पाहिला, हे कबूल केले पाहिजे. पण लिलावाची रक्कम पेटीत पडल्यावर पुढे तिचे काय होते, याविषयी त्या जमावातील कोणासही कुतूहल नसे.

पुढे काय होत असे, ते दप्तर हाती आल्यावर उमगले. दरसाल नाताळाच्या आठवड्यात फंडाची बहुतेक शिल्लक ब्लँकिटांवर खर्च पडत होती. ही चाल कोणी व केव्हा पाडली याचा दाखला रोजमेळात नाही; घाटावरच्या कोणा मंडळीचे अनुकरण असावे, असा माझा तर्क आहे. डिसेंबरातही दुपारी पंखा लावावा लागणाऱ्या या गावात पंचमंडळी उकाड्याने घामाघूम होऊन लोकरी ब्लँकिटे वाटीत, असा तो सोहळा होता. रिवाजाप्रमाणे मीही एका वर्षी यादी घेऊन हिंडलो. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडण्याच्या आणि कोळंबी सोलण्याच्या कामास जाणारी आमच्या मंडळीतली एक विधवा बाई या यादीत होती. तिने ब्लँकिट दोन्ही हातांनी घेतले, पाहुणा म्हणून मला चहा केला, आणि मग कोणतीही तक्रार न करता, केवळ माहिती द्यावी तशा स्वरात म्हणाली, "भाऊसाहेब, रत्नांग्रीत थंडी पडते कधी? मागल्या सालांची पण हायत, ती बघा वर." माळ्यावर खरोखरच प्लास्टिकच्या पिशव्याही न काढलेल्या घड्या एकावर एक रचलेल्या होत्या. "आता धंदा चालू हाय, दोन पैसे मिळतात. आमची वडाताण मिरगाला. तवा आगोटीचं कोण बघत नाय."

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर, पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी मिरगापूर्वी घरात भरून ठेवणे म्हणजे आगोट: तांदूळ, कुळीथ, मीठ, वर्षाचा मसाला, सुकी मासळी, सुके सरपण. ज्याच्या हाती वैशाखात पैसा असतो त्याची आगोट भरते. ज्याच्या हाती नसतो तो जून महिन्यात त्याच जिनसा पावशेर-पावशेराने उधारीवर आणतो आणि त्याच तांदळास अधिक दाम मोजतो. जून आणि जुलै हे दोन महिने समुद्रात मासेमारीस सरकारी मनाई असते, त्यामुळे खलाशाचा हात थांबतो आणि बंदरावरच्या बायकांचाही थांबतो. हापूसच्या बागांतले काम त्याच सुमारास संपते. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात शाळा उघडून वह्या, गणवेश, छत्री यांची मागणी उभी राहते. मग गळ्यातले डोरले सोनाराकडे गहाण पडते, ते दर्या पुन्हा खुला होऊन धंदा अंगी लागेपर्यंत तिकडेच राहते, आणि दरमहाच्या व्याजात अर्धा हंगाम वाहून जातो. त्या बाईने एका वाक्यात सांगितलेली ही गोष्ट मी यादीतल्या घरोघर बसून, जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या बाजूस प्रत्येक घराचे बारा महिने आखून ताडून पाहिली. डिसेंबर हा त्यातल्या बहुतेक घरांचा सर्वांत सुस्थितीतला महिना ठरला! खजिन्यातल्या माणसास व्याजाचे गणित शिकवावे लागत नाही. मे महिन्यात दिलेला रुपया डोरले घरात ठेवतो, आणि डिसेंबरात दिलेला रुपया माळ्यावर घडी होऊन पडतो.

पंचांच्या सभेत मी वाटप मे महिन्यावर नेण्याचा ठराव मांडला, तेव्हा एका वयोवृद्ध पंचांनी, "म्हणजे प्रभुजन्माच्या दिवशी गरिबाचे तोंड गोड करायचे नाही की काय?" असा सवाल केला, आणि तो सवाल उडवून लावण्याजोगा नव्हता. नाताळात मंडळीने सर्वांनी एका पंगतीस जेवावे आणि फंडाचा पैसा आगोटीस द्यावा, अशी तडजोड निघाली. रोख द्यावी की जिन्नस द्यावेत, यावर मात्र वाद पेटला. रोख दारूत जाईल ही भीती काही घरांपुरती खरी होती. पण चार घरांच्या भीतीने चाळीस घरांवर पहारा बसवावा, हे मला पटेना. शेवटी बाजारातल्या एका वाण्याकडे फंडाचे खाते उघडले. प्रत्येक घरच्या बाईने आपली पिशवी घेऊन इतर गिऱ्हाइकांप्रमाणे जावे, हवे ते तोलून घ्यावे आणि बिल आमच्याकडे यावे. आरंभी वाण्यास ओळख पटावी म्हणून चिठ्ठीवर फंडाचा शिक्का मारण्याची टूम निघाली होती, ती मी हाणून पाडली. चार गिऱ्हाइकांसमोर ती चिठ्ठी पुढे करणे म्हणजे कपाळावर दारिद्र्याचा शिक्का घेऊन उभे राहणे होय.

पहिल्या वर्षीच्या बिलांत उपरोक्त बाईच्या नावे तांदूळ, कुळीथ, गोडे तेल, लाल मिरची, धणे आणि खडे मीठ यांच्या खाली टाल्कम पावडरीचा एक डबा लागला होता. तिची मुलगी त्या वर्षी कॉलेजात जाऊ लागली होती. हिशेबतपासनीसांनी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढून 'खुलासा व्हावा' असा शेरा मारला. मी खुलासा लिहिला तो असा की, पेन्शनरास त्याने पेन्शनीचे काय केले हे विचारण्याचा अधिकार कोषागारास नाही. सबब या फंडासही नसावा. शेरा आजतागायत तसाच आहे, आणि डबाही खर्ची पडलेला आहे.

आमच्या समाजाचा दानधर्म या देशात संशयाच्या छायेत वावरतो, आणि तांदळासाठी धर्म बदलला हा टोमणा माझ्या आजोबांनी ऐकला, वडिलांनी ऐकला, मीही कचेरीत हसत हसत ऐकला. म्हणून आम्ही दोन नियम सुरुवातीपासून कटाक्षाने पाळले: गरज हीच पात्रता, मग घर कोणत्याही धर्माचे असो, आणि शिध्याबरोबर पुस्तिका नाही, प्रार्थनेची सक्ती नाही, छायाचित्र नाही. ज्या दानामागे अट आहे तो सौदा होय, आणि सौदा करावयाचा तर तो वाण्याने करावा, मंडळीने नव्हे. पैसे नेण्या-आणण्यास नेहमी दोघे जण जातात. यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी गोळा करणाऱ्या प्रेषित पौलानेही ती एकट्याने नेली नाही, एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली; कोषागाराच्या डबल लॉकमागचे, म्हणजे दोन किल्ल्या दोघांकडे ठेवण्यामागचे, तत्त्व याहून वेगळे नाही.

हा सारा खटाटोप पाहून एका तरुण सभासदाने मला टिळकांचा दाखला दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्माने आमच्याच जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ते 'देवाचा दरबार' या ख्रिस्तभक्तांच्या बंधुसंघाच्या मागे लागले. असा माणूस तुमच्यासारख्या खतावण्या लिहीत बसला असता काय, असे त्या तरुणाचे म्हणणे. मी त्यास टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावयास सांगितले. टिळकांच्या औदार्यावर वाचक लुब्ध होतो हे खरे, पण मला त्या पुस्तकात सतत दिसतात त्या लक्ष्मीबाई; धन्याने उदार मनाने घरी आणलेल्या प्रत्येक माणसाच्या पानात काय वाढावे, याची विवंचना ज्यांच्या वाट्यास आली त्या. त्या घरात जे निराधार जीव वाढले, ते कवीच्या हृदयाने घरात आले आणि कारभारणीच्या हिशेबाने जगले. संस्थेचेही तेच. पंडिता रमाबाईंच्या पाठीशी १८८७ साली बॉस्टनमध्ये जी असोसिएशन उभी राहिली, तिने दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती, आणि म्हणूनच १८८९ साली शारदा सदन उघडताना पुढच्या वर्षी मुलींना काय खाऊ घालू, या धास्तीने बाईंना हात आखडावा लागला नाही. उमाळा येतो आणि जातो. हमी पुढल्या वर्षीही उभी असते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण बुडवले. बाजारपेठेत कित्येक ठिकाणी पाणी पहिल्या मजल्यास टेकले होते. रत्नागिरीत त्याच संध्याकाळी सर्वांच्या मनाने उचल खाल्ली, आणि आमच्या आवारातही जुन्या कपड्यांची गाठोडी येऊन पडू लागली. मी ती तशीच पडू दिली आणि चिपळुणातल्या एका ओळखीच्या शिक्षिकेशी संपर्क होईपर्यंत टेम्पो सुटू दिला नाही. त्याबद्दल मला निष्ठुर म्हणण्यात आले. फोन लागला तेव्हा ती म्हणाली, "कपडे मुळीच पाठवू नका. खराटे, फावडी, घमेली पाठवा, ब्लीचिंग पावडर पाठवा, आणि शेगडी दुरुस्त करणारा माणूस मिळाला तर त्याला आधी पाठवा." आम्ही माळनाक्याकडचा एक कारागीर मजुरी ठरवून बरोबर घेतला. वाटेत रस्त्याच्या कडेला दुरून आलेल्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडलेले दिसले, त्यात जरीच्या साड्या होत्या, एक कोटही होता. गुडघाभर चिखलात उभी असलेली माणसे त्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हती. कारागीर एका शाळेच्या पडवीत पोते अंथरून बसला, आणि बायका आपापल्या शेगड्या काखोटीस मारून रांगेने उभ्या राहिल्या. तो बर्नर काढी, सुईसारख्या तारेने भोकाभोकांतला गाळ उकरी, नळीत फुंकर घाली, काडी ओढून निळी ज्योत दाखवी आणि 'पुढचं' म्हणे. त्या दिवशी आलेल्या मदतीत शिजवलेल्या अन्नाची पाकिटे पुष्कळ होती. पण ज्या घरची शेगडी पेटली त्या घरची बाई पाकिटाच्या रांगेतून निघून गेली.

त्या पुरासाठी जमलेल्या रकमेपैकी बरीच शिल्लक उरली. ती आपल्या फंडात वळती करावी असे पंचांचे मत पडले. ज्या कारणासाठी पैसा दिला गेला त्याच कारणी तो लागला पाहिजे, हेडबदल करण्याचा अधिकार कारभाऱ्यास नाही, असे माझे. दिवाळीच्या तोंडी तो पैसा चिपळुणातच शिवणयंत्रांच्या आणि हातगाड्यांच्या दुरुस्तीस गेला. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी आणखी एक सुधारणा करून घेतली: अहवालात देणगीदारांची नावे रकमांसह वाचून दाखवण्याची जुनी चाल बंद झाली. त्या वर्षी जमा घटली, आणि ती अद्याप पूर्ववत झालेली नाही. ज्या पंचांनी नाताळचा सवाल केला होता, ते दर वार्षिक सभेत हा आकडा मला आठवणीने वाचून दाखवतात. मी त्यांना मे महिन्याची वाण्याची बिले दाखवतो, तीही अजून एकाही वर्षी थकलेली नाहीत, आणि मग आम्ही दोघेही पुढच्या विषयाकडे वळतो.