माहिती कोण भरणार?

अंबड तालुक्यातल्या आमच्या मोसंबी बागायतदारांच्या गटाला वेबसाइट हवी होती. कुठल्या गावात किती झाडं, आंबिया बहार धरलाय की मृग, अंदाजे किती टन माल निघेल, हे बाहेरच्या व्यापाऱ्याला घरबसल्या दिसावं, एवढीच मागणी. मला एचटीएमएल आणि थोडं जावास्क्रिप्ट येत होतं. काम अंगावर घेतलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडलो: सर्व्हरवर चालवायचं काय?

विचारावं तितकी उत्तरं. पुण्यात नोकरी करणारा मामेभाऊ म्हणाला, "नोड घे, जावास्क्रिप्ट तुला येतंच." संभाजीनगरला क्लास लावलेला मित्र जावा आणि स्प्रिंग बूटवर ठाम. जालन्यात दुकानांच्या वेबसाइट करून देणारे दादा म्हणाले, "पीएचपी. स्वस्तातल्या होस्टिंगवर फाइल टाकली की चालू." त्यात एक्सप्रेस, लाराव्हेल, फ्लास्क, जँगो ही नावं येऊन पडली. भाषा कुठे संपते आणि फ्रेमवर्क कुठे सुरू होतं, हेच उमजेना. हळूहळू कळलं, की कुठल्या पत्त्यावर काय दाखवायचं, लॉगिन केलेला माणूस कोण, डेटाबेसशी कसं बोलायचं, ही सगळ्याच वेबसाइटना लागणारी कामं कुणीतरी आधीच नीट लिहून ठेवलेली असतात. ते फ्रेमवर्क.

मग गावांच्या नावांची यादीच प्रत्येक भाषेला देऊन पाहिली. 'घनसावंगी' किती अक्षरांचं? आपण पाच म्हणू. पायथन आणि जावास्क्रिप्ट म्हणाले 8, कारण काना, अनुस्वार, वेलांटी वेगळी मोजली जाते. पीएचपीच्या साध्या 'एसटीआरलेन'ने सांगितलं 24! यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि ते फंक्शन बाइट मोजतं. चिन्हं मोजायला पीएचपीत वेगळं फंक्शन आहे. आपल्या लिपीत काम करणाऱ्याला ही गोष्ट पहिल्या धड्यात शिकवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. फॉर्ममध्ये नावाची मर्यादा घालताना ती लागतेच.

तरी निवड होईना. तेव्हा ही साधनं कुणी, कशासाठी केली ते वाचत गेलो आणि तिथे वाट दिसली. रासमस लरडॉर्फ यांनी पीएचपीची सुरुवात स्वतःच्या वेबपानासाठी केली आणि 1995 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. मागणी आली की फाइल चालते, पान देते, संपते; स्वस्त होस्टिंगवर ती रुळली त्यात या साधेपणाचा मोठा वाटा. रायन डाल यांनी 2009 मध्ये आणलेला नोड एका मागणीचं उत्तर येईपर्यंत थांबून राहत नाही, दुसरी हाती घेतो. एकाच वेळी असंख्य जोडण्या सांभाळायला तो बरा. पायथनमधला जँगो मात्र अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मला आणि 2005 मध्ये खुला झाला. पत्रकारांना कोड न लिहिता मजकूर भरता यावा, म्हणून त्यात माहिती भरायचं पॅनेल तयारच मिळतं.

मामेभावाला हे सांगितलं, तर त्याने एकच विचारलं, "तुमच्याकडे माहिती कोण भरणार?" गटाचे सचिव काका. एक्सेलच्या पलीकडे त्यांनी काही वापरलेलं नाही. उत्तर तिथेच मिळालं: जँगो.

गाव, बहार, झाडं, टन असे रकाने पायथनमध्ये लिहिले आणि काकांसाठी भरायचं पान आपोआप उभं राहिलं. होस्टिंगला मात्र जास्त खटपट पडली: पायथनचा प्रोग्राम सतत चालू ठेवावा लागतो, म्हणून छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्यावा लागला, त्यावर प्रोग्राम चालवायला गनिकॉर्न आणि एनजिनएक्स शिकावं लागलं. त्या बाबतीत जालन्याच्या दादांचं म्हणणं खरंच होतं.

काका आता स्वतः नोंदी करतात. परवा म्हणाले, "व्यापाऱ्यांना इथेच भाव लावता आला पाहिजे, आणि लावलेला भाव बाकीच्यांना लगेच दिसला पाहिजे." जँगोला सतत उघड्या जोडण्या सांभाळणाऱ्या 'चॅनेल्स'ची जोड द्यावी की तेवढ्यापुरता नोड वेगळा चालवावा, ते सध्या पाहतोय.