पट्टा लावून घे!

इंग्रजी शाळेत जाणारी नातवंडं घरात असली, की त्यांच्याबरोबर नवे शब्दही येतात. आमचा सहा वर्षांचा नातू गाडीत बसला रे बसला, की हुकूम सोडतो, "आजी, बकल अप!"

बकल म्हणजे पट्ट्याची कडी, हे आपल्याला ठाऊक. पण 'अप' कशाला? पट्टा काही वर जात नाही! मग वाटलं, आपण तरी नुसतं 'लाव' कुठं म्हणतो? 'लावून घे' म्हणतो. काम पुरतं कर आणि ते तुझ्याचसाठी आहे, हे सगळं त्या 'घे'मध्ये आलं. इंग्रजीतला 'अप'ही असाच: नीट, शेवटपर्यंत. 'बकल डाउन' म्हणजे तर कंबर कसून कामाला लागणं. आणि नुसतं 'गुडघे बकल झाले' म्हटलं, तर पाय लटपटले! बांधणं आणि कोलमडणं, दोन्ही एकाच शब्दात.

शब्दाची गंमत राहू द्या. सूनबाईला सातवा महिना लागला आणि गाडीनं दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "पट्टा नको गं, बाळ दाबलं जाईल." त्यांची काळजी खरी होती. मी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "आई जपली तरच बाळ जपलं जातं. पट्टा लावायचाच, पण नीट." खालचा पट्टा पोटाखालून, कमरेच्या हाडांवर. तिरका पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या कडेनं. पोटावरून आडवा कधीच नाही. साडी असेल तर पदराचा बोळा पट्ट्याखाली ठेवू नये.

तीन ठिकाणी अडकणारा हा पट्टा निल्स बोलीन या स्वीडिश इंजिनिअरनं व्होल्व्हो कंपनीत तयार केला. १९५९ साली तो गाड्यांत आला. आपल्याकडे मागच्या सीटवर मात्र तो बहुधा नुसता लोंबतो. सप्टेंबर २०२२मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागेच बसले होते. पट्टा लावलेला नव्हता. आणि मांडीवरचं मूल? जोराच्या धक्क्यात आईचे हात पुरत नाहीत. त्याला त्याच्या वयाची वेगळी सीटच हवी.

घरातल्या सगळ्यांची बटणं, नाड्या, डब्यांची झाकणं आपण बघतो. स्वतःचं तेवढं राहून जातं. मैत्रिणींनो, ते 'घे' विसरू नका.