किलोवर मिळणारा आवाज

बंगळुरात माणसं नोकरीपायी येतात, नोकरीपायीच जातात, आणि जाताना स्पीकर मागे सोडून जातात. फ्रीज, वॉशिंग मशीन, मुलांची सायकल यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. गुडघ्याएवढी लाकडी खोकी मात्र कुणालाच नको असतात. येलहंका न्यू टाउनमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परीक्षा संपल्या की घर रिकामं करणाऱ्यांच्या याद्या येऊ लागतात. स्पीकरची किंमत पहिल्या दिवशी पाच हजार, आठवड्याने दीड हजार, आणि टेम्पो दारात लागला की ‘कुणी उचलून नेणार असेल तर फुकट न्या’. मी त्या शेवटच्या मेसेजची वाट बघतो. यात थोडा निर्लज्जपणा आहे, पण घासाघीस वाचते.

अमेरिकेत अशा वस्तू गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मीच्या दुकानांत दान म्हणून जातात, आणि सत्तरच्या दशकातली जेबीएलची जोडी चहापाण्याच्या पैशांत मिळाल्याचे किस्से तिकडचे शौकीन रंगवून सांगतात. आपल्याकडे दान होतं ते कपड्यांचं. बाकी सगळं भंगारात. पुण्याला मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईला चोर बाजार, इथे गुजरी. जुन्या येलहंक्यात देवळाच्या मागच्या गल्लीत एक गुजरी आहे. तिथल्या अण्णाला स्पीकर असा दिसतच नाही. त्याला प्लायवूड, तांबं आणि मॅग्नेट दिसतं. प्लायवूड जळणात जातं, तांबं वेगळ्या पोत्यात, मॅग्नेट वजनावर. सकाळी आलेला स्पीकर संध्याकाळपर्यंत तीन ढिगांत वाटला जातो, त्यामुळे तिथे वेळेवर पोचणं हाच अर्धा सौदा.

‘अण्णा, खोलू नका, आख्खाच द्या.’

‘आख्खा महाग पडेल सार. पेटीचं पण वजन आहे.’

आणि तो खरोखर आख्खी पेटी काट्यावर चढवतो. भारी स्पीकर म्हणजे जड पेटी, हे त्याला माहीत नसतानाही त्याचा हिशेब बरोबर येतो याची मला गंमत वाटते.

मी खिशात दीड व्होल्टचा एक सेल आणि वायरचे दोन तुकडे ठेवतो. वायरी टर्मिनलला टेकवल्या की वूफरचा कोन ‘टप्’ करून पुढे सरकतो. सरकला म्हणजे कॉइल जिवंत आहे. मल्टिमीटर असेल तर आठ ओहमचा स्पीकर सहा-साडेसहा ओहम दाखवतो. शून्य आलं किंवा काहीच आलं नाही तर अण्णाला त्याचं मॅग्नेट लखलाभ. मग मागच्या भोकात नाक घालून वास घ्यायचा. ओल, वाळवी आणि झुरळं, तिघांना ती पेटी आपलीच वाटते.

लोक स्पीकर टाकतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कोनाच्या कडेला जे मऊ वलय असतं, ते झडलेलं असतं. हे वलय फोमचं का असतं, याला इतिहास आहे. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी अमेरिकेत ॲकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं वापरून छोट्या खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. त्यासाठी कोन सैल लटकलेला हवा, म्हणजे कड मऊ हवी. पुढे स्वस्त आणि मऊ म्हणून पॉलियुरेथेनचा फोम सगळीकडे आला. त्याचं वैर पाण्याशी. हवेतली दमट वाफ त्याला आतून तोडते. आधी तो चिकट होतो, मग बोट लावलं की काळी भुकटी. वूफर, कॉइल, मॅग्नेट सगळं ठणठणीत, आणि काही शे रुपयांच्या वलयापायी मालक म्हणतो, स्पीकर फाटला.

यात माझं एक मत आहे आणि ते मी कुणाशीही वाद घालून मांडायला तयार आहे. आपल्या हवेत टिकले ते देशी स्पीकर. 1991 च्या आधी परदेशी माल म्हणजे एकतर दुबईहून आलेल्या काकांची बॅग, नाहीतर मुंबईचं मनीष मार्केट. ज्यांना ते जमत नसे ते कोलकात्याचा सोनोडाइन घेत, नाहीतर फिलिप्स. त्या काळच्या कितीतरी देशी स्पीकरांची कड साधीच, कागदाला घड्या घालून किंवा कापडावर लेप देऊन केलेली. कोन तेवढा मोकळा हलत नाही, खर्ज तेवढा खोल जात नाही, हे मान्य. पण ती कड आजही शाबूत आहे. ज्या जपानी स्पीकरांवर तेव्हा घरातली मंडळी क्रोशाचं कापड टाकत, त्यांच्या फोमची आज भुकटी झाली आहे. पावसाळ्याचा विचार करून बनवलेल्या वस्तूला तेव्हा आपण ‘साधी’ म्हणत होतो.

इथे मुंबईपेक्षा बरं आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर, हवा कोरडी. मुंबईहून बदली होऊन आलेल्या घरातला स्पीकर आणि इथेच वाढलेला स्पीकर, जाळी काढली की मी ओळखतो.

दुरुस्तीच्या सामानासाठी एस. पी. रोडला जावं लागतं. येलहंक्याहून हेब्बाळचा पूल ओलांडून तिथे पोचणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तो मी लिहिणार नाही. वाचकांनी माझं काही वाईट केलेलं नाही. एस. पी. रोड म्हणजे सदर पत्रप्पा रोड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा हा धाकटा भाऊ. खाटेएवढ्या रुंदीची दुकानं, आणि आत शंभर खणांचं कपाट. जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले, म्हणजे खर्ज वूफरकडे आणि बारीक आवाज ट्वीटरकडे पाठवणाऱ्या सर्किटमधले, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात, म्हणून ट्वीटरचा आवाज दबतो. त्यांच्या जागी त्याच मूल्याचे फिल्म कपॅसिटर घालायचे. काउंटरवर मी हिंदीत 4.7 मायक्रोफॅरड मागितला, तर आतला म्हातारा मालक मुलाला म्हणाला, ‘ते वरच्या खणांत बघ रे, पिवळे असतीन ते.’ कानडी हेल, पण मराठी. चिकपेट-कब्बनपेटच्या बाजूला भावसार आणि शिंपी समाजाची अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शहाजीराजांना 1638 नंतर इथली जहागीर मिळाली, त्याच्याशी यांचा संबंध जोडायचा मोह बाहेरून आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला होतो. मालकांनी तो उडवून लावला. ‘आमचे पणजोबा कापड विकायला आले. राजा कोण होता ते त्यांना इचारायला पायजे.’ मला त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? मिरजेचा म्हटल्यावर कपॅसिटर जोडीवर दहा रुपये कमी झाले.

वलय चिकटवायचं शिकवलं ते जालहळ्ळीच्या एका निवृत्त गृहस्थांनी. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यांची उभी नोकरी झाली. 1954 साली निघालेला हा कारखाना लष्कराच्या उपकरणांसाठी प्रसिद्ध, पण घरोघरच्या रेडिओंतले व्हॉल्व्ह आणि पुढे ट्रान्झिस्टरही तिथेच बनत. ठाण्याच्या कारखान्यातून निघालेला मर्फी आपल्या माजघरात बोलायचा, त्या काळातलं हे काम. मी त्यांना सर म्हणतो. ते घरी लुंगीवर बसतात, पण टेबलावर सोल्डरिंग गनच्या खाली ओला स्पंज, स्क्रू मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. शहराला आयटी येण्याआधी कारखाने आले होते, हे त्यांच्या टेबलाकडे बघून कळतं.

पद्धत अशी. जुना फोम नखाने आणि स्पिरिटने कणन्‌कण काढायचा. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि यावरच पुढचं सगळं अवलंबून. मधली डस्ट कॅप ब्लेडने गोल कापून उचलायची. आत कॉइल दिसते, आणि कॉइल व मॅग्नेटच्या मधली फट मिलिमीटरच्याही अंशाची. कॉइल तिळभर कलंडून चिकटली तर जन्मभर घासत राहणार. म्हणून त्या फटीत चारी बाजूंनी पट्ट्या खोचायच्या. सर जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या वापरतात. कुणाच्या तरी गुडघ्याचा फोटो कापून त्यांनी माझ्या वूफरची कॉइल मध्यावर आणली. मग गोंद, मग वलय, मग बोटाने गोल गोल दाब. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पट्ट्या काढायच्या, दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच आत दाबायचा, आणि कान लावायचा. खरखर नाही म्हणजे जमलं.

मिरजेत सतारमेकर गल्लीत लहानपणी तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिलेली आहे. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी सरांना ही गल्ली सांगितली. त्यांनी फक्त विचारलं, ‘कान कुणाचा? कारागिराचा की गवयाचा?’ दोघांचा, म्हटलं. यावर ते बराच वेळ समाधानाने मान हलवत होते.

चाचणीला आम्ही भीमसेन लावतो. गदगच्या या माणसाने पुण्यात घर केलं, मराठी अभंग गायले आणि कानडी दासपदंही; त्यामुळे निवडीवरून भांडण होत नाही. मी तंबोरे ऐकतो, सर तबल्याचा डग्गा. डग्गा गोल आला की वूफर पास, तंबोरे मागे सुटे सुटे ऐकू आले की ट्वीटर पास. माणसाच्या आवाजात छातीतला घोगरेपणा दिसला पाहिजे, नुसता मोबाइलसारखा नाकातून आला तर क्रॉसओव्हर पुन्हा उघडायचा.

एक आठवडा मात्र चाचणी बंद असते. दर दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत येलहंक्याच्या हवाई तळावर एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरतं, आणि त्याच्या सरावापासूनच सूर्यकिरणची विमानं डोक्यावरून जातात. कुठलाही वूफर देऊ शकणार नाही असा खर्ज खिडकीच्या काचेतून येतो. 2023 मध्ये घारी विमानांना धडकू नयेत म्हणून महापालिकेने दहा किलोमीटरच्या परिघात मांसविक्री बंद ठेवली होती. गुजरीवाला अण्णा तेवढे दिवस जेवणावरून आणि विमानांच्या आवाजावरून एकत्रच कुरकुरत असे.

घरातली जागा हा खरा प्रश्न. बायकोचा नियम असा की एक जोडी आत आली तर एक बाहेर गेली पाहिजे, आणि मला तो रास्त वाटतो. एक जोडी सरांच्या मुलीकडे गेली, एक तळमजल्यावरच्या आजींकडे, ज्यांना सकाळी सुप्रभातम्‌ साऱ्या मजल्यांना ऐकवायचं असतं. आता सोनोडाइनची जोडी मिरजेच्या धाकट्या भावाने मागितली आहे. कुरिअरवाल्यांच्या हाती ती द्यायची माझी तयारी नाही, म्हणून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने स्वतःच नेणार. जाळीची तोंडं एकमेकांकडे करून, मध्ये सतरंजीची घडी घालून बांधली की खालच्या बर्थखाली दोन्ही मावतात. माप घेऊन ठेवलंय.