आकडा वाढला अन् गोळी घटवली

दोन वर्षांपूर्वी हिवरखेडच्या आमच्या वावरात कापूस वेचताना मी धुऱ्यावर टेकले, ती उठेचना. हातपाय जड, तोंडावर सूज, उन्हातही थंडी. अकोटला रक्त तपासले. थायरॉइड कमी निघाले आणि ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. कागदावर टी.एस.एच. ११ आणि शेजारी ठळक खूण. भाऊजी शिकलेले. म्हणाले, "वहिनी, आकडा वाढला त गोयी जास्त होऊन रायली." सगळ्यांना पटले. हरभरा सोंगणीला आला होता, अकोटची फेरी वाचत होती. मलाही ते हवेच होते, खोटे कशाला सांगू? गोळी अर्धी केली.

पाडव्यापर्यंत आवाज घोगरा झाला, केस मुठीने गळू लागले. दुधाचा गंज उतू जाताना मी नुसती पाहत बसायची.

डॉक्टरांनी विचारले, "सालदार झोपला तर मालक काय करतो?"

"ओरडतो."

"टी.एस.एच. म्हणजे ते ओरडणे. गळ्यातली ग्रंथी काम करीना, की मेंदूखालची ग्रंथी मोठ्याने हाक मारते. आकडा चढला म्हणजे औषध कमी पडले. फार उतरला म्हणजे जास्त झाले. मग छाती धडधडते, हाडे झिजतात."

मोठ्या माणसाचा आकडा साधारण ०.४ ते ४ असतो. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो.

मग त्यांनी विचारले, गोळी घेता कशी? मी चहासोबत, वर कॅल्शियमची गोळीही तेव्हाच! आणि डबी चुलीजवळच्या कोनाड्यात. आपल्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात औषध असे शेकले तर त्याचा जोर कमी होतो. त्यांनी गोळी वाढवली नाही, फक्त पुन्हा पूर्ण केली. उपाशीपोटी पाण्याबरोबर, नंतर तासाने चहा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. रक्त सहा आठवड्यांनी तपासायचे, त्याआधी आकडा स्थिरावत नाही. तेव्हा आकडा ३ वर आला.

यंदा धाकट्या जावेलाही हीच गोळी लागली आणि पाठोपाठ दिवस राहिले. बाळ पहिले महिने आईच्याच थायरॉइडवर वाढते, म्हणून गरोदरपणी गोळी बहुधा वाढवावी लागते. तिचा कागद आला तेव्हा भाऊजींनी तो वाचलाच नाही. खिशात घातला आणि मोटारसायकल काढली.